चार नंबरचं युनिट आणि टॅगवरची सही

चार नंबरचं एसी युनिट रोज दुपारी दीडच्या सुमारास बसायचं. बसायचं म्हणजे बंद पडायचं, आमच्यात ट्रिप मारलं म्हणतात. सकाळी आठला एकदम नॉर्मल, अकरा वाजेपर्यंत मस्त थंड हवा, आणि मग जुलैचं ऊन डोक्यावर आलं की आधी एक कंप्रेसर जाणार, अर्ध्या तासात दुसरा, आणि खाली सुपरमार्केटमध्ये भाजीच्या रॅकवर कोथिंबीर माना टाकणार. मग मुदीरचा फोन. मुदीर म्हणजे मॅनेजर, इकडे सगळे तसंच म्हणतात, आता मलाही मॅनेजर म्हणायला जीभ वळत नाही.

मी रत्नागिरीकडचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केला, मुंबईत एका कॉन्ट्रॅक्टरकडे तीन वर्षं बिल्डिंगच्या बाहेर लोंबकळून स्प्लिटची आउटडोअर युनिटं लावली, आणि मग आमच्याकडची निम्मी पोरं जातात तसा दुबईला आलो. राहायला सोनापूर. हे नाव घरी सांगितलं तेव्हा आजी गप्पच झाली, कारण मुंबईला राहिलेल्या माणसाला सोनापूर म्हणजे स्मशान. इकडे ती कामगारांच्या कॅम्पांची वस्ती आहे, एका खोलीत सहा-आठ जण, बस पहाटे सव्वाचारला. असो.

तर ही केस दुबईतल्याच अल कुसैस भागातल्या एका सुपरमार्केटची. दोन मजली बिल्डिंग, गच्चीवर सहा पॅकेज युनिटं. आपल्याकडे एसी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर घरातला दीड टनाचा स्प्लिट येतो, अर्धा आत अर्धा बाहेर. पॅकेज युनिटात सगळं एकाच डब्यात. गॅस दाबणारा कंप्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर म्हणजे नळ्यांचा कॉइल, हवा ढकलणारा ब्लोअर, फिल्टर, इलेक्ट्रिकल पॅनल, सगळं. मारुती ओम्नीएवढा पत्र्याचा डबा, क्रेनने चढवतात, खालून दोन डक्ट निघतात, एकातून थंड हवा खाली जाते आणि दुसऱ्यातून गरम झालेली परत वर येते. आमची युनिटं २० टनाची. टन म्हणजे वजन नाही बरं का, घरच्यांना दर वेळी सांगावं लागतं. एक टन बर्फ चोवीस तासात वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता ओढायची ताकद, तासाला १२,००० बीटीयू. म्हणजे एक युनिट साधारण तेरा घरगुती एसींच्या बरोबरीचं. ह्याच डब्यात हीटर बसवायचीही जागा असते, थंड देशात तोच डबा हिवाळ्यात गरम हवा देतो. आमच्याकडे त्या जागेवर कोरी प्लेट. हीटर लावायचं कुणी म्हटलं तर गच्चीवरून ढकलून देतील.

आणि ही युनिटं इकडच्या हवेसाठी वेगळी बनवलेली असतात, टी-थ्री म्हणतात. साध्या एसीची क्षमता बाहेर ३५ डिग्री धरून मोजतात, टी-थ्रीची ४६ धरून. पण ती ४६ डिग्री म्हणजे कंडेन्सरच्या तोंडाशी येणारी हवा, बातम्यांतला आकडा नव्हे. गच्चीची फरशी तापलेली, शेजारच्या युनिटची गरम हवा अंगावर येतेय, कोपऱ्यात तर मी थर्मामीटर धरून ५१ बघितलेत. म्हणजे युनिटला मुळात श्वास घ्यायला जागा कमी, त्यात कॉइल घाण असला की संपलं.

चार नंबरसाठी त्या जुलैत तीन वेळा आमची माणसं जाऊन आली होती. पहिल्यांदा गेला त्याने रिसेट मारलं, कॉइलवर बाहेरून पाणी मारलं, चालू झालं, सही घेतली, परत. दुसऱ्यांदा गेला त्याने थंड कमी पडतंय म्हणून गॅस टाकला. हा आमच्या धंद्यातला जुना रोग, थंड कमी म्हणजे गॅस कमी. डॉक्टरकडे गेल्यावर सलाईन लावा म्हणणारे पेशंट असतात ना तसं, गिऱ्हाईकालाही गॅस टाकला की बरं वाटतं, सिलिंडर दिसतो, फुस्स आवाज येतो, पैसे वसूल. तिसऱ्या वेळी गेलेल्याने रिपोर्ट लिहिला, कंप्रेसर वीक, बदलणे. आणि मधल्या काळात मुदीरने दुकानातल्या एका पोराला रिसेटचं बटण दाखवून ठेवलेलं, तो रोज दुपारी वर येऊन ते दाबायचा. हाय प्रेशर स्विच हा काही त्रास द्यायला बसवलेला नसतो, गॅसचं प्रेशर सहाशे पीएसआयच्या (पीएसआय हे प्रेशरचं माप) वर गेलं की कंप्रेसर वाचवायला तो युनिट बंद करतो, आणि हा पोरगा रोज त्याच्या तोंडावर हात ठेवून परत पळवत होता.

दोन कंप्रेसर बदलायचे म्हणजे मोठा खर्च, म्हणून आमच्या फोरमनने मला बोलावलं. फोरमन मल्याळी, वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना चेट्टन म्हणतो, म्हणजे दादा. बोलणं हिंदीत, पण मी इथे मराठीतच लिहितो. चेट्टन म्हणाले, "कंप्रेसर नंतर बघू. तू उद्या पूर्ण सर्व्हिस कर, डबा पूर्ण उघडून. आणि साडेबाराच्या आत खाली उतर." साडेबाराचं कारण असं की १५ जून ते १५ सप्टेंबर इकडे साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करायला बंदी आहे, सरकारी नियम. म्हणजे हातात पहाटे पाच ते साडेबारा, आणि त्यातही दहानंतर गच्चीवर माणूस अर्धाच असतो.

पावणेपाचला मी आणि माझा हेल्पर, नेपाळी पोरगा, तेवीस-चोवीसचा, माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा आणि चौपट शांत, असे आम्ही गच्चीवर पोचलो. उजाडायचं होतं पण हवा आताच ओली कांबळी पांघरल्यासारखी. जुलै-ऑगस्टला समुद्राकडून दमट वारा येतो तेव्हा पहाटेसुद्धा चष्म्यावर वाफ धरते.

पहिलं काम इलेक्ट्रिकल. आयसोलेटर म्हणजे युनिटचा मेन स्विच बंद, त्यावर माझं कुलूप, चावी माझ्या खिशात, टॅग लावला. मग मीटरने तिन्ही फेज तपासले, एकमेकांत आणि अर्थला. आणि त्याच्याआधी मीटर शेजारच्या चालू युनिटवर लावून बघितला, कारण बंद लाईनवर शून्य दाखवतो आणि मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. हे मला मुंबईत कुणी शिकवलं नव्हतं. इकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात चेट्टननी माझा मीटर हातातून घेऊन त्याची एक वायर सैल केली, परत दिला आणि म्हणाले तपास. मी तपासलं आणि बिनधास्त बंद आहे म्हणालो. सगळ्यांसमोर. त्यानंतर कधी विसरलो नाही.

पॅनल उघडलं तर दोन नंबर कंप्रेसरच्या कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, पाल. भाजून कागदासारखी झालेली, शेपटी एका पॉइंटवर आणि डोकं दुसऱ्यावर. रात्री उबेला येतात बिचाऱ्या. पॉइंट काळे पडलेले, एक तर खड्डा पडलेला, कॉन्टॅक्टर बदलून टाकला. बाकी सगळे स्क्रू एकेक करून आवळले, तीन तरी सैल निघाले, कंपनाने होतात.

आणि मग पॅनलच्या दाराला आतून लटकवलेला सर्व्हिस टॅग दिसला. एप्रिलची प्री-समर सर्व्हिस. फिल्टर, टिक. बेल्ट, टिक. कंडेन्सर कॉइल क्लीनिंग, टिक. खाली सही.

सही माझी.

खरं सांगतो, मला आठवेचना. एप्रिलमध्ये दिवसाला पाच-सहा युनिटं करतो आम्ही, मार्च-एप्रिल म्हणजे आमची लगीनसराई. सगळ्यांना मेच्या आत हवं असतं. पण एका दिवसात सहा युनिटं म्हणजे कॉइलवर काय झालं असणार ते मला न आठवताही कळत होतं. पंप चालू केला, बाहेरून सर्रकन पाणी मारलं, वरचा थर धुऊन गेला, पत्रा चकचकीत, टिक. हेल्परने टॅग बघितला, सही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.

आता यातली गोम सांगतो. कंडेन्सरचा पंखा हवा बाहेरून आत ओढतो आणि वरून फेकतो. म्हणजे धूळ बाहेरून आत शिरते, कॉइलच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये अडकते. तुम्ही बाहेरून पाणी मारलं की तीच धूळ चिखल होऊन अजून आत जाते आणि मधेच घट्ट बसते. धुवायचं उलट्या दिशेने, आतून बाहेर, जिकडून आली तिकडे परत. त्यासाठी वरचे पंखे काढायला लागतात नाहीतर साइडचं पॅनल, आणि तिथेच अर्धा-पाऊण तास जातो म्हणून कुणी करत नाही. त्यात या मॉडेलचा कॉइल दोन पदरी. दोन कॉइल एकमेकांना चिकटून उभे, मध्ये बोटभर फट. बाहेरून बघितलं तर बाहेरचा पदर स्वच्छ, टॉर्च लावला तरी स्वच्छ. आतून बघितलं तर आतला पदरही बरा. घाण मधे.

दोन्ही पंखे उचलून बाजूला ठेवले, वायर न तोडता, त्यांच्या मोटारीला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, इलेक्ट्रिकल पॅनललाही प्लास्टिक. मग वरची पट्टी सोडवून आतला पदर हळूहळू चार बोटं मागे ओढला, तांब्याच्या नळ्यांवर ताण येणार नाही एवढाच. आणि फटीत टॉर्च मारला.

गोधडी होती. मी अतिशयोक्ती करत नाही, गोधडीच. राखाडी रंगाची, अर्ध्या इंचाच्या आसपास जाड, वरपासून खालपर्यंत एकसलग. चिमटीत धरून ओढली तर फाटेना, हातभर लांब तुकडा निघाला, मऊ, दाबला तर वाळू झडायची. वाळूने असं होत नाही. वाळू खाली पडते किंवा चिकटून बसते, पण तिची गोधडी होत नाही, गोधडीला धागा लागतो. हेल्परने तुकडा हातात घेतला, चोळला, वास घेतला आणि म्हणाला, "साबण."

खाली, सुपरमार्केटला लागून एक लाँड्री आहे. तिच्या ड्रायरचा एक्झॉस्ट गच्चीवर येतो, चार नंबरपासून दोन-अडीच मीटरवर, आणि त्याचं तोंड थेट आमच्या कॉइलकडे. सगळ्या कुसैसच्या चादरी आणि कंदुऱ्यांचं (इकडच्या पुरुषांचे लांब झगे) लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटे तंतू, दिवसरात्र या फटीत जमत होतं आणि वाळूने त्याला वजन येत होतं. आणि आम्ही दर वेळी बाहेरून पाणी मारून ती गोधडी अजून दडपून बसवत होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

लिंट ओलं करायचं नाही. ओलं झालं की लगदा होतो आणि पापुद्र्यांत शिरतो, मग देव आला तरी निघत नाही. आधी हाताने जेवढं निघेल तेवढं, मग मऊ ब्रश उभा, पापुद्रे ज्या दिशेला आहेत त्याच दिशेला, आडवा ब्रश मारला की ॲल्युमिनियमचे पापुद्रे कागदासारखे दुमडतात. मग व्हॅक्यूम. दीड तास तेच चाललं. एक मोठी काळी कचऱ्याची पिशवी गच्च भरली. मधे सूर्य आला आणि गच्चीचा रंगच बदलला, साडेसहाला आम्ही शर्ट पिळायला लागलो.

मग पाणी. कॉइलवर खारी हवा लागू नये म्हणून निळसर कोटिंग असतं, त्याच्यावर ॲसिडचं केमिकल मारलं तर घाणीबरोबर कोटिंगही जातं. काही लोक तेच वापरतात, भसाभस फेस येतो आणि कॉइल चांदीसारखा चमकतो, गिऱ्हाईक खूश, वर्षभराने कॉइल गळायला लागतो. आम्ही साधं सौम्य फोम वापरलं, आतून मारलं, दहा मिनिटं थांबलो, सुकू दिलं नाही. पंपाचं प्रेशर कमी, पसरट नोझल, फूटभर अंतर, आणि पाण्याची धार कॉइलला सरळ काटकोनात. तिरकी मारली की पापुद्रे झोपतात. मी आत, टबात उकिडवा बसल्यासारखा डब्यात बसलेलो, हेल्पर बाहेरून बघून ओरडायचा, "काळं आहे, काळं आहे, अजून काळं."

पाणी बाहेरच्या बाजूने यायला लागलं तेव्हा मला आमच्या रत्नागिरीच्या काजळी नदीची आठवण झाली, पहिल्या मोठ्या पावसात तिला येतं तसं पाणी, फक्त लाल नाही, राखी. गच्चीच्या उतारावरून ओघळ चालला, त्यात लिंटचे तुकडे तरंगतायत. तीन वेळा फोम, तीन वेळा पाणी. तिसऱ्यांदा हेल्पर म्हणाला, "दिसतंय." काय दिसतंय? "तुम्ही." कॉइलच्या आरपार माझ्या शर्टाचा रंग दिसत होता. हीच खरी टेस्ट, बाकी सगळे रिपोर्ट नंतर.

वाकलेले पापुद्रे फिन कोंबने, म्हणजे त्यासाठीच्या कंगव्याने, सरळ केले, हे काम माझ्या आवडीचं, केस विंचरल्यासारखं आहे, पण त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून फार वाईट होते तेवढेच केले.

आतल्या बाजूचं काम हेल्परने तोवर सुरू केलेलं. ताज्या हवेच्या तोंडाशी सँड ट्रॅप असतो, उभ्या पट्ट्यांची जाळी, वाळू आपटून खाली पडावी म्हणून. त्याची खालची भोकं बुजलेली, उघडली तर अर्धी बादली बारीक वाळू निघाली. फिल्टर ॲल्युमिनियमचे, धुऊन परत वापरायचे, आठ होते, त्यातला एक उलटा बसवलेला. बाण हवेच्या दिशेला पाहिजे. कुणी बसवला ते मी टॅगवर बघायला गेलो नाही.

ब्लोअरचे बेल्ट दोन, दोन्ही बाजूंनी काचेसारखे गुळगुळीत झालेले आणि खाली पुलीभोवती काळी भुकटी. भुकटी दिसली की समजायचं बेल्ट घसरतोय. दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना घातला तर सगळा भार नवा घेतो. दोन पुलीला दोरा लावून सरळ रेषेत आहेत का बघितलं, अंगठ्याने मधोमध दाबून सेंटिमीटरभर खाली जाईल एवढा ताण ठेवला. नवीन पोरं तंबोऱ्यासारखा ताणतात, मग महिन्याभरात बेअरिंग बोंबलतं.

मग ड्रेन. आतला कॉइल थंड असतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि खालच्या ट्रेमध्ये पडतं, तिथून पाइपने बाहेर. ट्रेमध्ये जेलीसारखा गाळ होता, हाताने काढला, वासाचं वर्णन करत नाही. बाहेरचा यू-ट्रॅप उन्हाने इतका कडक झालेला की हात लावताच बिस्किटासारखा मोडला. हेल्पर म्हणाला तात्पुरता सरळ पाइप लावू, ट्रॅप उद्या आणू. मी नाही म्हणालो आणि खाली गाडीतून नवीन आणायला स्वतः गेलो, कारण ही चूक माझी करून झालेली आहे. पहिल्या वर्षी एका दुसऱ्या साइटवर मी असाच सरळ पाइप लावून दिला होता. मला वाटलं पाणीच तर वाहायचंय, वाकडं कशाला हवं. पण ब्लोअर हवा ओढतो तेव्हा ट्रेच्या जागी व्हॅक्यूमसारखं होतं, पाइपमधून बाहेरची हवा आत शोषली जाते आणि ती पाण्याला बाहेर पडूच देत नाही. ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं असलं की हवा अडते आणि पाणी जातं. त्या दिवशी ट्रे भरत भरत वर आला, आणि युनिट थांबल्याबरोबर सगळं पाणी हिंदकळून डक्टमधून खाली. खाली आट्याच्या पोत्यांची थप्पी होती. कणीक मळायचं कामच उरलं नाही. आठ पोत्यांचे पैसे कंपनीने भरले आणि मी दोन महिने ड्रेन साफ केले. तर आता ट्रॅप लावला, आणि त्यात आधी बाटलीने पाणी ओतून भरला, कारण कोरडा ट्रॅप असला काय नसला काय सारखाच.

सव्वाअकराला सगळं बंद करून युनिट चालू केलं. ब्लोअर बाणाच्या दिशेला फिरतोय का बघितलं. उलटा फिरला तरी हवा येतेच, फक्त निम्मी, म्हणून लोक फसतात. मग कंप्रेसर. गेज लावले. बाहेर ४१ डिग्री, आणि डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं, ५०० पीएसआय. आधीच्या रिपोर्टमध्ये याच वेळेला ५६० होतं, म्हणजे उतरलं, पण एवढं धुऊन ५०० म्हणजे माझं समाधान होईना. हेल्पर खूश, मी नाही. आमच्या युनिटातल्या आर-४१०ए गॅसला ५०० म्हणजे तो साडेछप्पन डिग्रीला द्रव होतोय. लिक्विड लाइनला, म्हणजे कंडेन्सरमधून द्रव बाहेर नेणाऱ्या नळीला, थर्मामीटर बांधला तर ४२. साडेचौदाचा फरक. पाच ते आठ असायला हवा. म्हणजे कॉइलमध्ये द्रव साचून बसलाय, जागा अडवून. म्हणजे गॅस जास्त. दुसऱ्या व्हिजिटला आलेल्याने दिलेली सलाईन.

हा गॅस असाच हवेत सोडायचा नसतो. आर-४१०ए चा एक किलो हवा तापवण्यात दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो, आणि तसंही किलोला पैसे पडतात. रिकव्हरी मशीन लावलं, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि थोडा थोडा काढत गेलो. काढायचा, थांबायचं, आकडे बसू द्यायचे, परत. पाण्याचा नळ तोवर असा तापलेला की हात धुवायला गेलो तर चटका बसला, त्या नळाला गार पाणी फक्त जानेवारीत येतं. १.६ किलो निघाला एका सर्किटमधून, दुसऱ्यातून थोडा कमी. मग प्रेशर ४५५ वर येऊन टेकलं, लिक्विड लाइन ४५. फरक सातचा. कंप्रेसरचा ॲम्पिअर क्लॅम्प मीटरवर १९, नेमप्लेटवर २२ आहे आणि आधीच्या रिपोर्टमध्ये २४ लिहिलेले. रिटर्न हवा २५, सप्लाय १४. वीक कंप्रेसर म्हणे.

बारा पंचवीसला आम्ही जिन्यात उतरलो. दाराच्या आतल्या बाजूला सावलीत पायरीवर बसलो, लाबान म्हणजे ताक आणि खुबूस म्हणजे इकडची रोटी, आणि माझ्याकडे घरून आलेलं कैरीचं लोणचं, जे हेल्परला माझ्यापेक्षा जास्त आवडतं. चेट्टनना फोन करून सांगितलं, कंप्रेसर चांगले आहेत, कॉइल आतून चोंदलेला होता, गॅस जास्त होता. लाँड्रीच्या एक्झॉस्टचं तोंड फिरवायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांत परत गोधडी. ते म्हणाले लिहून दे. मग जरा थांबून म्हणाले, "एप्रिलला कोण गेला होता तिथे?"

मी म्हणालो, "मीच, चेट्टन."

पलीकडून काही सेकंद नुसता गाडीच्या एसीचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. जेवलास का?"

दीड वाजला. आम्ही दोघं न बोलता वरच्या दाराकडे कान लावून बसलो. पंख्यांचा आवाज येत होता, एकसारखा. पावणेदोन. मी बाहेर डोकं काढून बघून आलो, चार नंबर चालू, दोन्ही कंप्रेसर. हेल्परने भिंतीला टेकून डोळे मिटले. एक वाजून पन्नास मिनिटांनी मुदीरचा फोन. मला वाटलं शाबासकी.

"भाई, भाजीचा सेक्शन मस्त थंड आहे," मुदीर म्हणाले, "पण डेअरीकडे गरम व्हायला लागलंय. पाच नंबर बंद पडलं बहुतेक."

पाच नंबर चारच्या शेजारीच. लाँड्रीचा पाइप त्याला चारपेक्षा हातभर लांब आहे एवढंच. पॅनलच्या आत टॅगवर एप्रिलची तारीख असणार आणि खाली कुणाची सही असणार तेही मला माहीत होतं, पण तीन वाजेपर्यंत वर जायला परवानगी नव्हती. हेल्परने डोळे न उघडताच विचारलं, "लोणचं उरलंय का?"